कोपरात लिगामेंट नसलेला पिचर : आर. ए. डिकी

मोगरा_एडिसन (धागाकर्ती)

१९९६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एका बेसबॉल मासिकाच्या मुखपृष्ठावर ऑलिंपिक संघातल्या पिचरांचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचा, फोटो छापून आला. सगळे ओळीने उभे. त्यातल्या एकाचा उजवा हात बाकीच्यांसारखा सरळ लोंबत नव्हता, कोपरातून जरा वेगळ्याच कोनात बाहेर आला होता. टेक्सास रेंजर्स या क्लबच्या ट्रेनरची नजर नेमकी त्या हातावर गेली. कारण तो मुलगा त्यांच्याच क्लबने नव्या खेळाडूंच्या निवडीत नुकताच पहिल्या फेरीत, १८ व्या क्रमांकावर निवडला होता. ८ लाख १० हजार डॉलरचं बोलणं झालं होतं, सही तेवढी बाकी होती.

क्लबने त्याच्या कोपराची तपासणी करून घेतली. कोपराच्या आतल्या बाजूला दोन हाडांना धरून ठेवणारं जे लिगामेंट असतं, ज्याच्या जिवावर पिचर चेंडू फेकतो, ते या मुलाच्या उजव्या कोपरात नव्हतंच. साधी दाराची मूठ फिरवतानाही याला दुखायला हवं, असं डॉक्टरांचं म्हणणं. हा गडी मात्र ताशी १४५ किलोमीटरच्या आसपास चेंडू टाकत होता आणि अटलांटाहून कांस्यपदक घेऊन आला होता. क्लबने आधीचा आकडा मागे घेतला आणि नवा पुढे केला : ७५ हजार डॉलर. त्याने सही केली.

हा रॉबर्ट ॲलन डिकी, सगळे त्याला आर. ए. म्हणतात. जन्म १९७४, गाव टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल. कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकलेला. त्याच्याबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. आपल्याकडे गाण्याला घराणं असतं, तसं बेसबॉलमध्ये नकलबॉल नावाच्या एका चेंडूचं घराणं आहे, आणि डिकी त्यात शिरला तो तिशी ओलांडल्यावर. मराठीत हे कुठे वाचलं नाही, म्हणून लिहिते.

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. पिचर १८.४४ मीटरवरून, एका उंचवट्यावर उभा राहून चेंडू टाकतो. टप्पा नाही. त्यामुळे बॅटरला फसवायचं ते वेगाने किंवा हवेतल्या वळणाने. वळण येतं फिरकीतून, आणि चांगल्या फास्टबॉलला मिनिटाला दोन हजारांहून जास्त फेरे असतात. नकलबॉलची तऱ्हा उलटी, त्याला फिरकी द्यायचीच नाही. पिचरच्या हातातून सुटून कॅचरच्या हातात पोचेपर्यंत चेंडूने जेमतेम एखादा फेरा घ्यायचा. मग शिवण वाऱ्याला जिथे अडेल तिकडे तो सरकतो. कुठे सरकेल ते बॅटरला कळत नाही, कॅचरला कळत नाही आणि टाकणाऱ्यालाही कळत नाही. कॅचर त्यासाठी नेहमीपेक्षा मोठा हातमोजा वापरतो.

डिकीचं पुढचं दशक असं गेलं. २००१ च्या एप्रिलमध्ये तो मोठ्या लीगमध्ये पहिला सामना खेळला, मग परत खाली मायनर लीगला, परत वर, परत खाली. मायनर लीग म्हणजे तुटपुंजा पगार, लांबचे प्रवास, दर वर्षी नवं भाड्याचं घर. २००५ पर्यंत त्याचा फास्टबॉल मंदावला होता. तेव्हा रेंजर्सच्या मॅनेजरने आणि पिचिंग कोचने, म्हणजे बक शोवॉल्टर आणि ओरेल हर्शायझर यांनी, त्याला स्पष्ट सांगितलं की आता नकलबॉलच टाक. तिशीतल्या, संसार असलेल्या माणसाला 'तुझं आजवरचं सगळं बाजूला ठेव आणि नव्याने सा रे ग म पासून सुरू कर' असं सांगणं कसं लागत असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

त्याला चार्ली हफकडे पाठवलं. हफ हा जुना नकलबॉलवाला, २१६ विजय आणि बरोबर २१६ पराभव नावावर असलेला, ४५ व्या वर्षी फ्लोरिडा मार्लिन्सच्या इतिहासातला पहिला चेंडू टाकलेला. हफने आधी त्याची पकड बदलली. नकल म्हणजे बोटांचे सांधे, पण सांध्यांनी हा चेंडू हल्ली कुणी धरत नाही. तर्जनी आणि मधल्या बोटाची नखं शिवणीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणामागे चामड्यात रोवायची, अंगठ्याने खालून आधार द्यायचा, आणि सोडताना मनगट अजिबात मोडू द्यायचं नाही. दुसरी शिकवण दाराच्या चौकटीची. आपण चौकटीत उभे आहोत असं समजायचं आणि हात-पाय चौकटीला न लागता पुढे जायचं. अंग जरा बाजूला गेलं की चेंडूला फिरकी लागते, आणि फिरकी लागलेला नकलबॉल म्हणजे बॅटरच्या ताटात वाढलेला घास.

२००६ च्या एप्रिलमध्ये ते घास त्याने वाढलेही. नकलबॉलवाला म्हणून पहिल्याच सामन्यात डेट्रॉइट टायगर्सनी त्याला सहा होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले. एका पिचरने एका सामन्यात इतके होमरन देण्याच्या आधुनिक काळातल्या विक्रमाची ती बरोबरी होती. त्याची रवानगी पुन्हा खाली झाली.

२००७ मध्ये तो मिल्वॉकीच्या मायनर संघात, म्हणजे आपल्याच गावच्या नॅशव्हिल साउंड्समध्ये होता. संघ ओमाहाला गेला असताना हॉटेलच्या जवळून वाहणारी मिझुरी नदी पोहून पार करायचं त्याच्या मनाने घेतलं. मध्यावर ओढीने त्याला खाली खेचलं. आपण मरणार याची खात्री झाल्यावर त्याने कशीबशी परतीची वाट धरली आणि काठाशी आल्यावर ग्रँट बॅल्फोर या सहकाऱ्याने त्याला वर ओढून घेतलं. त्या हंगामात पुढे त्याचे १३ विजय, ६ पराभव झाले आणि पॅसिफिक कोस्ट लीगचा सर्वोत्तम पिचर म्हणून तो निवडला गेला. नदीने त्याला बदललं असं तो स्वतः सांगतो. मी त्यावर काही म्हणत नाही, ज्याचं त्याला ठाऊक.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. २००८ मध्ये तो सिॲटलकडे होता. बॉस्टन रेड सॉक्सकडे तेव्हा टिम वेकफील्ड खेळत होता, त्या काळातला नकलबॉलचा सर्वात नावाजलेला माणूस. समोरासमोरचे दोन संघ. तरीही वेकफील्डने डिकीला आपला सराव जवळ उभं राहून बघू दिला, पकड दाखवली, विचारलं ते सगळं सांगितलं. दुसऱ्या कुठल्या पिचरने विरोधी संघाच्या पिचरला आपली हुकमी गोष्ट अशी उघडून दाखवली असती? फिल नीक्रोनेही तसंच केलं. ३१८ विजय नावावर असलेल्या या म्हाताऱ्याने डिकीला कंबर कशी पुढे न्यायची ते शिकवलं. नीक्रोला हा चेंडू मिळाला होता वडिलांकडून. ओहायोतले कोळसा खाणकामगार होते ते, अंगणात मुलांना शिकवायचे. धाकटा भाऊ जो हाही नकलबॉलवालाच. दोघा भावांचे मिळून ५३९ विजय झाले, भावाभावांत तो आजही उच्चांक आहे.

हे लोक इतके थोडे आहेत की एकाने हात आखडता घेतला तर विद्याच संपेल. म्हणून ते देत राहतात.

बाकीचं प्रतिसादांत लिहिते, बोटं दुखायला लागली.


रामफळ

ताई, बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण एका दमात वाचून काढलं. पुढचं लवकर लिहा. मोठ्या लीगमध्ये तो शेवटी टिकला का?


लेगकटर

मस्त धागा. नकलबॉल म्हटलं की आपल्याला आठवणार झहीर खान. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये त्याने तो फार सुंदर वापरला. आमच्या ॲकॅडमीत त्यानंतर दोन वर्षं प्रत्येक मुलगा हाच चेंडू टाकायला बघायचा. पण तो आणि हा एकच का?


श्रीरामपूरकर

झहीर आमच्या गावचा, त्यामुळे हजेरी लावणं भाग आहे. लेगकटर, पकड मिळतीजुळती आहे, हेतू वेगळा. झहीरचा नकलबॉल हा मुळात स्लोअर वन. हात फास्ट बोलरच्याच वेगाने येतो, चेंडू मात्र उशिरा पोचतो, आणि बॅट्समन आधीच खेळून मोकळा. नवल उशिरा येण्याचं. ताईंनी सांगितलेल्या चेंडूत वेग लपवायचा नाही, कारण बॅटरला आधीच ठाऊक असतं की नकलबॉलच येणार.


उंबरठा७८

भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून थोडी भर. क्रिकेटच्या चेंडूची शिवण विषुववृत्तासारखी मधून सरळ जाते, दोन्ही बाजूंना चामडं मोकळं. बेसबॉलची शिवण नागमोडी, दोन घोड्याचे नाल एकमेकांत अडकवल्यासारखी, १०८ दुहेरी टाके. चेंडू जवळजवळ न फिरता जातो तेव्हा एका बाजूला शिवण हवेला खरखरीत लागते, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत चामडं. हवेचा थर दोन्हीकडे वेगवेगळ्या जागी सुटतो आणि चेंडू बाजूला ढकलला जातो. चेंडू अर्धा फेरा फिरला की शिवणीची जागा बदलते, म्हणजे ढकलण्याची दिशाही बदलते.

एक गैरसमज मात्र काढायला हवा. हा चेंडू हवेत फुलपाखरासारखा डुगडुगतो असं सगळे म्हणतात. कॅमेऱ्यांनी घेतलेल्या मोजमापांत त्याची वाट इतर चेंडूंइतकीच सलग दिसते. फरक इतकाच की एक चेंडू डावीकडे जाईल, तशाच हाताने टाकलेला पुढचा उजवीकडे आणि तिसरा खाली. आधी सांगता येत नाही म्हणून तो नाचल्यासारखा वाटतो.


अस्थिसंधी

मी ऑर्थोपेडिक सर्जन. मला त्या कोपराने अस्वस्थ केलं आहे. अल्नर कोलॅटरल लिगामेंट हा दंडाच्या हाडापासून हाताच्या आतल्या हाडापर्यंत जाणारा छोटासा पट्टा. चेंडू फेकताना हात मागून पुढे येतो त्या क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडायला बघतं, आणि हा पट्टा ते धरून ठेवतो. पिचरमध्ये तो फाटतो ते याच कारणाने. १९७४ मध्ये लॉस एंजलिसला डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात त्याच्याच हातातला दुसरा स्नायुरज्जू हाडांना भोकं पाडून ओवला. हा माणूस परत येऊन १९८९ पर्यंत खेळला, आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आजही त्या ऑपरेशनला त्याचंच नाव आहे.

तो स्नायुरज्जू बघायचा असेल तर अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखं उभं राहतं ते. काही लोकांत तो नसतोच आणि त्यांचं काही अडत नाही. डिकीचं प्रकरण निराळं आहे. जे लिगामेंट नसताना पिचिंग करताच येऊ नये, ते नसताना तो वर्षानुवर्षं खेळला. आजूबाजूच्या स्नायूंनी तो भार उचलला असणार. नकलबॉलमध्ये हात पूर्ण ताकदीने झोकावा लागत नाही, हेही त्याच्या पथ्यावर पडलं.


मोगरा_एडिसन

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून घरातल्या सगळ्यांनी मनगटं वाकवून बघितली. सासूबाईंच्या डाव्या हातात ती दोरी नाही!

रामफळ, टिकला. ऐका पुढे.

२०१० मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला घेतलं आणि वसंतातल्या सराव शिबिरातून सर्वात आधी ज्याला काढलं तो डिकीच. वय ३५. बफेलोच्या मायनर संघात गेला. एप्रिलच्या अखेरीस तिथे एका सामन्यात पहिल्याच बॅटरने त्याला सिंगल (पहिल्या बेसपर्यंत पोचवणारा फटका) मारला, आणि त्यानंतर डिकीने ओळीने २७ जण बाद केले. सत्तावीस म्हणजे आख्खा सामना. मे महिन्यात मेट्सने वर बोलावलं. त्या वर्षी ११ विजय, ९ पराभव आणि ईआरए २.८४. (ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, पिचरच्या खात्यावर किती धावा पडल्या त्याची सरासरी. तीनच्या खाली म्हणजे उत्तम.) पुढच्या हंगामाआधी त्याला दोन वर्षांचा करार मिळाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पुढच्या उन्हाळ्यात आपण कुठे असू हे आधी कळलं असेल.

मग २०१२. बाकीच्या नकलबॉलवाल्यांपेक्षा डिकीचा चेंडू वेगळा होता तो वेगाने. वेकफील्डचा ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास असायचा, डिकी १२० ते १३० ने टाकायचा. इतक्या वेगातही फिरकी न लागू देणं किती कठीण आहे ते हातात चेंडू घेतल्याशिवाय कळत नाही. जूनमध्ये त्याने लागोपाठच्या दोन सामन्यांत, टँपा बे आणि मग बॉल्टिमोर, प्रतिस्पर्ध्याला फक्त एकेक हिट (बेस गाठून देणारा फटका) दिली. आणि हे सगळं पोटाचा स्नायू फाटलेला असताना. एप्रिलमध्येच फाटला होता, ऑपरेशन त्याने हंगाम संपल्यावर करून घेतलं.

२७ सप्टेंबरला सिटी फील्डवर मेट्सचा त्या वर्षीचा घरचा शेवटचा सामना होता, पिट्सबर्गविरुद्ध, दुपारचा. मेट्सच्या पुढे जाण्याच्या आशा कधीच संपल्या होत्या (शेवटी ७४ विजय, ८८ पराभव). डिकीचे १९ विजय होते आणि विसावा व्हावा म्हणून लोक आले होते. मी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेतली, ७ नंबरची ट्रेन पकडली. माझी जागा वर होती, तिथून चेंडूचं वळण दिसत नाही. दिसतात ते बॅटर. एक दणकट माणूस पाय रोवून उभा राहतो, बॅट फिरवतो, आणि फिरवता फिरवताच त्याला कळतं की चेंडू तिथे नाही. गुडघे सैल पडतात. तेरा वेळा मी ते बघितलं, तेरा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन संधी हुकून बाद झालेले तेरा बॅटर. डेव्हिड राइटने होमरन मारला, मेट्स ६-५ जिंकले. शेवटच्या आउटला शेजारच्या आजोबांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

२० विजय, ६ पराभव, ईआरए २.७३, २३० स्ट्राइकआउट. नोव्हेंबरमध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, पहिल्या पसंतीच्या ३२ पैकी २७ मतांनी. नकलबॉलवाल्याला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ. नीक्रोला मिळाला नव्हता, जुन्या काळच्या होइट विल्हेल्मला नाही, हफला नाही, वेकफील्डला नाही. वय ३८.


कट्टर_यांकी

लेख छान आहे, पण जरा तोल हवा. एक असामान्य हंगाम आणि बाकी मध्यम, असाच हिशोब आहे. संपूर्ण कारकीर्द १२० विजय, ११८ पराभव, ईआरए ४.०४. याला थोर म्हणत नाहीत. पुरस्कार मिळाल्यावर महिनाभरात मेट्सनी त्याला टोरांटोला देऊन टाकलं आणि बदल्यात नोआ सिंडरगार्ड आणि ट्राव्हिस डार्नो मिळवले. २०१५ मध्ये त्या दोघांसह मेट्स वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम फेरीला, पोचले. व्यवहार म्हणून मेट्सचं काहीच चुकलं नाही.


मोगरा_एडिसन

व्यवहार बरोबरच होता, मान्य. पण '१२०-११८ म्हणजे मध्यम' हे मला पटत नाही. त्याच्या वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंतचे विजय मोजा, मोठ्या लीगमध्ये जेमतेम बावीस. उरलेले ९८ त्यानंतरचे. ज्या वयात बाकीचे पिचर कॉमेंट्री करायला लागतात, त्या वयात याची कारकीर्द सुरू झाली. २०१३, २०१४, २०१५ या तिन्ही वर्षी टोरांटोसाठी त्याने दोनशेच्या वर इनिंग टाकल्या. ३८ ते ४० या वयात! दर पाचव्या दिवशी हा माणूस उभा राहणार याची संघाला खात्री होती. कोपरात लिगामेंट नसलेल्या माणसाची ही गोष्ट आहे, हे विसरून चालणार नाही.


टोरांटोची_माई

आमच्या घरी तो 'डिकीकाका' होता, माझ्या मुलाने ठेवलेलं नाव. २०१५ ची मालिका मी सांगते, कारण ते दुःख अजून गेलेलं नाही.

टोरांटो २२ वर्षांनी प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत. डिकीचं वय चाळीस, आयुष्यातला पहिलाच प्लेऑफ सामना, आणि तोही कुणाविरुद्ध? टेक्सास रेंजर्स. त्यांच्याच मैदानावर. ज्यांनी सात लाख पस्तीस हजार डॉलर कापले, तेच. चौथा सामना, हरलो तर घरी. डिकीने फार सुरेख टाकलं. पाचव्या इनिंगमध्ये दोन बाद झाले होते, आम्ही ७-१ ने पुढे होतो. सुरुवात करणाऱ्या पिचरला विजय नावावर लागायला पाच इनिंग पूर्ण कराव्या लागतात. एक आउट हवा होता. एकच. आणि मॅनेजर जॉन गिबन्स बाहेर आला आणि त्याच्या हातातून चेंडू घेतला. डेव्हिड प्राइसला आणलं. सामना ८-४ जिंकलो, विजय प्राइसच्या नावावर.

मॅनेजरची बाजू मला समजते. तिसऱ्यांदा तेच बॅटर समोर येणार होते आणि हरणं परवडणारं नव्हतं. पण तेव्हा मी टीव्हीसमोर उभी राहून रडले. पुढच्या फेरीत कॅन्सस सिटीने त्याला दुसऱ्याच इनिंगमध्ये बाहेर काढलं, म्हणजे प्लेऑफमधला एकही विजय शेवटपर्यंत त्याच्या नावावर लागला नाही.


कट्टर_यांकी

ताई, बावीसचा मुद्दा लक्षात नव्हता आला. त्या दृष्टीने बघितलं तर ही वेगळीच कारकीर्द आहे. माईंचा प्रतिसाद वाचून वाईट वाटलं.


भायखळा_पूल

डिकी मुंबईत येऊन गेला होता ना? पेपरात वाचल्याचं आठवतंय, कामाठीपुऱ्याच्या संदर्भात.


मोगरा_एडिसन

हो. तो भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण त्याबद्दल घाईत लिहायचं नव्हतं.

२०१२ च्या जानेवारीत, म्हणजे त्याच्या सगळ्यात मोठ्या हंगामाच्या तोंडावर, डिकी किलिमांजारो चढला. ५,८९५ मीटर. मुंबईत वेश्यावस्तीतल्या बायका-मुलींची सुटका आणि पुनर्वसन करणाऱ्या बॉम्बे टीन चॅलेंज या संस्थेसाठी त्याने या चढाईतून एक लाख डॉलरहून जास्त निधी उभा केला. दुखापत झाली तर करार रद्द करता येईल, असं मेट्सने त्याला आधीच लेखी कळवलं होतं. करिअरमध्ये पहिल्यांदा खात्रीचे पैसे हातात आलेले, ते पणाला लावून तो गेला.

का गेला, ते त्याच वर्षी मार्चअखेर कळलं. आत्मचरित्रात त्याने लिहिलं की आठ वर्षांचा असताना आपल्यावर लैंगिक अत्याचार झाले होते. वर्षानुवर्षं त्याने हे मनात दाबून ठेवलं होतं. अमेरिकेतल्या पुरुष खेळाडूंच्या ड्रेसिंग रूममध्ये राहून हे जाहीरपणे सांगणं किती अवघड आहे, याची कल्पना इथे राहणाऱ्यांना असेल.

पुरस्कार मिळाल्यानंतर, २०१३ च्या जानेवारीत, तो आपल्या दोन मुलींना घेऊन मुंबईला आला आणि कामाठीपुऱ्यात गेला. मुली लहान होत्या. त्यांना का नेलं यावर तेव्हा इकडे बरीच चर्चा झाली. मला विचाराल तर त्याने बरोबर केलं.


भायखळा_पूल

धन्यवाद. मी भायखळ्याला वाढलो, शाळा नागपाड्याला. कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत, पहिली गल्ली, दुसरी गल्ली, अशा चौदाव्यापर्यंत. लहानपणी आम्हाला घरून ताकीद असायची की बस चुकली तरी त्या बाजूने चालत यायचं नाही. आत माणसं राहतात, मुलं राहतात, शाळेत जातात, हे मला पार कॉलेजात गेल्यावर कळलं. नागपाडा खेळासाठीही ओळखला जातो, मुंबईतलं बास्केटबॉल तिथेच वाढलं. तिथे कुणी बेसबॉलपटू येऊन गेला याचं एरवी कुणाला काही वाटलं नसतं. पण आठ वर्षांच्या मुलाचं तुम्ही लिहिलंत ते वाचल्यावर तो कशासाठी आला होता ते समजलं.


वाचनवेडी

हा धागा रात्री दोन वाजता वाचतेय. भायखळा_पूल, तुमचे शब्द राहून राहून आठवतील. मोगराताई, डिकी आता काय करतो? आणि नकलबॉल टाकणारं पुढे कुणी आहे का?


मोगरा_एडिसन

२०१७ चा हंगाम तो अटलांटाकडून खेळला, १० विजय, १० पराभव, वय ४२. त्यानंतर खेळला नाही. नीक्रो २०२० च्या डिसेंबरमध्ये गेला, वेकफील्ड २०२३ च्या १ ऑक्टोबरला. वेकफील्डची बातमी आली तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन थांबले होते. सान डिएगो पाद्रेसकडून २०२३ मध्ये मॅट वॉल्ड्रन हा नकलबॉल टाकणारा पिचर आला. तो बाकीचे चेंडूही टाकतो, नकलबॉल त्यातला एक. दर चेंडू हाच टाकणारा, हफ-वेकफील्ड-डिकीच्या पठडीतला, सध्या मला तरी दिसत नाही. प्रत्येक चेंडूचा वेग आणि फेरे मोजून मुलं निवडली जातात. ज्या चेंडूचे फेरे जवळजवळ शून्य, तो टाकणारा मुलगा त्या यंत्रात कुणाच्या नजरेला पडणार?


श्रीरामपूरकर

ताई, माझा भाचा अकरावीत आहे, मीडियम पेस टाकतो. हा धागा त्याला वाचायला दिला, आता मागेच लागला आहे. सीझन बॉलने जमेल का? नखांचं नक्की काय करायचं?


मोगरा_एडिसन

जमेल, पण टप्पा पडायच्या आत मजा बघायची असेल तर फुलटॉस टाकायला सांगा आणि पकडणाऱ्याला ग्लोव्हज, हेल्मेट दोन्ही द्या. नखं फार वाढवायची नाहीत, वाढली की मोडतात. बोटाच्या टोकापेक्षा किंचित पुढे, कडा सरळ, कानशीने रोज घासायची. डिकी नखांना इतका जपायचा की नख तुटलं तर चेंडूला फिरकी लागायची भीती. अंगठ्याचा आधार हलका. मनगट कडक, दार ढकलताना असतं तसं. आणि बघायचं ते शिवणीकडे. सुटल्यावर शिवण दिसत राहिली तर बरोबर, धूसर झाली तर पुन्हा.


श्रीरामपूरकर

आज सकाळी मैदानावर गेलो होतो. भाच्याने साठ-सत्तर चेंडू टाकले, सगळे फिरत आले, आणि दोन तर माझ्या नडगीवर. मग एक सुटला. मी यष्टीमागे होतो. चेंडूवरचं सोनेरी छापील नाव मला तो निघाल्यापासून दिसत होतं, निम्म्या वाटेपर्यंत मी ते वाचत होतो. मग तो उजवीकडे सरकला आणि माझ्या ग्लोव्हजला न लागता मागच्या भिंतीवर गेला. भाचा तिथूनच ओरडला, "मामा, आत्ता मी काय वेगळं केलं?" त्याला आठवेना, मलाही सांगता येईना. उद्या सकाळी साडेसहाला परत जातोय.